मॉडेल विमानांवरचं ‘उघडं ॲल्युमिनियम’: पार्श्वभूमी

26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं आणि कपाटात धूळ खात पडलेले मिगच्या प्लॅस्टिक मॉडेलचे किट कोल्हापुरातही बाहेर निघाले. बहुतेकांना ते 1960 च्या दशकातलं, उघड्या धातूचं करायचं असतं. 1971 च्या युद्धात घाईघाईनं कॅमोफ्लाज फासण्याआधीचं. अडचण तिथंच सुरू होते: प्लॅस्टिक उघड्या धातूसारखं दिसायला हवं.

मुळात विमानं चंदेरी का? 1906 च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुतज्ज्ञानं ड्युरॅल्युमिन शोधलं. हलकं, दणकट, पण गंजाला कच्चं. 1920 च्या दशकात अमेरिकेत त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेले ‘अल्क्लॅड’ पत्रे आले, आणि रंगावाचून भागू लागलं. 1944 पासून तर अमेरिकेची बहुतेक लढाऊ विमानं कारखान्यातून बिनरंगाचीच निघू लागली. वजन वाचलं, वेळही वाचला. गंमत अशी, की चकाकीसाठी नावाजलेल्या पी-51 मस्टँगचे पंख मात्र लांबी (पुट्टी) भरून, घासून चंदेरी रंगवलेले असत, हवा त्यावरून गुळगुळीत सरकावी म्हणून. धड झळाळतं, पंख मंद. अख्खं मस्टँग आरशासारखं करणारे हे बघतच नाहीत.

मॉडेलांकडे वळू. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचं पहिलं स्पिटफायर 1953 चं. त्या काळी चंदेरी म्हणजे हम्ब्रॉल या कंपनीच्या रंगाची डबी आणि ब्रश. दोष ब्रशचा कमी, कणांचा जास्त. रंगातला ॲल्युमिनियमचा कण समजा 30 मायक्रॉनचा असला, तर 1/72 मापात, म्हणजे खऱ्याहून 72 पट लहान मॉडेलवर, तो खऱ्या विमानावर 2 मिलिमीटरहून मोठा दिसेल. असा खरबरीत पत्रा कुठल्या विमानाला असतो?

म्हणून काहींनी रंगच सोडला आणि फॉइल धरली. पातळ फॉइल एकेका पॅनेलवर चिकटवायची, कापसाच्या बोळ्यानं दाबत न्यायची, जोडरेषेवरून नव्या ब्लेडनं कापायची. शेजारच्या तुकड्याची दिशा फिरवली की प्रकाश वेगळा पडतो आणि पत्रा खरोखर वेगळा वाटतो. माझ्या मते याला आजही तोड नाही. चिकाटी मात्र हवी.

पुढे घासून चमकवायचे रंग आले, पण ते बोटालाही लागत. खरा पालट 1990 च्या दशकातल्या ‘अल्क्लॅड टू’ या लॅकरनं, म्हणजे थिनरमधल्या झटपट वाळणाऱ्या रंगानं, झाला. नाव त्या पत्र्यावरूनच घेतलेलं. कण अतिशय बारीक, एअरब्रशनं (हवेनं रंग फवारणाऱ्या पेनानं) पातळ थर, आणि जास्त चकाकीच्या छटांखाली तुकतुकीत काळा बेस. या बेसवर एक ओरखडा राहिला तरी तो चंदेरीतून वर येतो. हुपरीच्या चांदी कारागिराला हे सांगावं लागत नाही: आधी ओरखडा काढायचा, मग उजाळा.

लॅकरचं आणि आपल्या पावसाळ्याचं जमत नाही. थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि काळा बेस पांढुरका पडतो. ड्युको मारणारे गॅरेजवाले हे जाणून असतात. शिवाय वास घरभर. अलीकडचे पाण्यावरचे धातुरंग, उदाहरणार्थ वायेहोचे, म्हणूनच जून ते सप्टेंबर सोयीचे. फक्त मास्किंग टेपसोबत थर उचलून येतो का, ते आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर बघून घ्यावं.