‘ईआर निगेटिव्ह’ म्हणजे नेमकं काय निगेटिव्ह?

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टात ‘ईआर निगेटिव्ह’ असं येतं, तेव्हा गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन पकडणारी प्रथिनं, खरोखरच नसतात, किंवा असतात पण तपासणीच्या स्लाइडवर त्यांच्यावर रंग चढलेला नसतो. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. परिणाम मात्र सारखे नाहीत. रिसेप्टर असलेल्या स्त्रीने टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारं औषध पाच वर्षं घेतलं तर स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं, आणि चुकीच्या निगेटिव्हमुळे तिला ते औषध कुणी देतच नाही.

या कर्करोगाचं हार्मोनशी नातं आहे हे १८९६ सालीच दिसलं होतं. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी बीजाशयं काढल्यावर पसरलेल्या गाठी आक्रसल्याचं नोंदवलं. पण गुण काहींनाच येई. कोणाला येईल हे आधी सांगण्याची वाट शिकागोत एल्वूड जेन्सन यांच्या कामातून निघाली. किरणोत्सारी ट्रिटियम जोडलेलं इस्ट्रोजेन शरीरात कुठे जाऊन चिकटतं, याचा माग काढताना त्यांना रिसेप्टर सापडला. त्यावरची सुरुवातीची तपासणी म्हणजे ताजी, गोठवलेली गाठ कुटून त्यातला रिसेप्टर मोजणं. आकडा मिळे, पण कुटलेल्या ऐवजात कर्करोगाच्या पेशी किती आणि निरोगी किती, हे कळायला मार्ग नसे.

पुढे रिसेप्टरला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आली; ती चिकटतील तिथे रंग उठतो, त्यामुळे पेशी सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहून ठरवता येऊ लागलं. अडचण फॉर्मलिनची होती. ऊतक टिकवताना ते प्रथिनांना असं जखडतं की प्रतिपिंडाला रिसेप्टर सापडत नाही. १९९१ मध्ये शी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी स्लाइड मायक्रोवेव्हमध्ये तापवून ही पकड सैल करता येते हे दाखवलं, आणि कपाटातले जुने पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेले ऊतकाचे तुकडेही तपासता येऊ लागले. १९९९ मध्ये जवळपास २,००० रुग्णांच्या अभ्यासात नव्या पद्धतीने हार्मोन उपचारांच्या परिणामाचा अंदाज जुन्या मोजणीपेक्षा चांगला दिला. इथवर सगळं आलबेल.

पण तोवर ही तपासणी शेकडो प्रयोगशाळांत, ज्याच्या त्याच्या रीतीने सुरू झाली होती. ब्रिटनच्या गुणवत्ता योजनेने २००० साली २६ देशांतल्या २०० प्रयोगशाळांचं काम छापलं. रिसेप्टर भरपूर असलेल्या गाठी बहुतेकांना ओळखता आल्या. कमी रिसेप्टरच्या गाठीत मात्र निम्म्याहून जास्त प्रयोगशाळा चुकल्या. मुख्य दोष तापवण्यात होता: वेळ अपुरा, उष्णता अपुरी.

याची किंमत कॅनडात न्यूफाउंडलंडच्या बायकांनी मोजली. लोब्युलर प्रकारचा, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणारा कर्करोग बहुधा ईआर पॉझिटिव्ह असतो. २००५ मध्ये अशाच एका रुग्णाचा निगेटिव्ह रिपोर्ट डॉक्टरांना खटकला आणि फेरतपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला. मग १९९७ पासूनचे नमुने टोरांटोला पाठवले गेले आणि जवळपास ४०० जणींचे निकाल चुकलेले आढळले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाचा अहवाल २००९ मध्ये आला. एका तंत्रज्ञावर खापर फोडून सुटावं असं ते प्रकरण नव्हतं; प्रशिक्षण, देखरेख, नोंदी, सगळंच ढिलं होतं.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ७९८ गाठींच्या अभ्यासात, २००० साली, ईआर पॉझिटिव्हचं प्रमाण जेमतेम एक तृतीयांश निघालं. पाश्चात्त्य देशांत ते बरंच जास्त असतं. भारतीय स्त्रियांचा कर्करोगच वेगळा, असा अर्थ लावणं सोपं होतं. पण त्याच रुग्णालयातून २००९ मध्ये आलेल्या आढाव्याने फॉर्मलिनची प्रक्रिया, तापवण्याचं तंत्र आणि पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा यांकडेही बोट दाखवलं. फॉर्मलिन ऊतकात फार हळू शिरतं. अख्खी गाठ न चिरता बरणीत टाकली तर पृष्ठभाग टिकतो आणि मधला भाग बिघडत राहतो. मग प्रयोगशाळा कितीही चांगली असो, तो रंग पुन्हा मिळत नाही.

२०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच घड्याळ लावलं: गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये, तिथे ६ ते ७२ तास, आणि १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह. २०२० च्या सुधारणेत आणखी एक अट आली. निकाल ० ते १० टक्क्यांत असेल तर त्याच स्लाइडवरच्या निरोगी दुग्धनलिकांच्या पेशी रंगल्या होत्या का, हे रिपोर्टात लिहायचं. त्या रंगल्या नसतील, तर निगेटिव्ह शब्दाला फारसा अर्थ उरत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते.