आय-लीग २ आणि विदर्भातलं गावाकडचं फुटबॉल

आय-लीग २ ही भारतातल्या पुरुषांच्या फुटबॉलमधली तिसऱ्या नंबरची राष्ट्रीय लीग. सगळ्यात वर आयएसएल (इंडियन सुपर लीग), तिच्या खाली आय-लीग, मग ही, हिच्या खाली आय-लीग ३ आणि तळाला राज्याराज्यांच्या लीगा, अशी ही उतरंड. चालवते एआयएफएफ, म्हणजे ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. व्यवहारात ही लीग सेमी-प्रोफेशनल आहे. काही पोरांना क्लब सीझनपुरता पगार देते, काहींना राहणं-खाणं आणि थोडाफार भत्ता, आणि बरेच जण सोबत कुठंतरी नोकरी नाहीतर कॉलेज करून राहिलेले असतात, कारण सीझन असते काही महिन्यांचा आणि पोट असते बारा महिन्यांचं.

राष्ट्रीय पातळीवर लीग हा प्रकार आपल्याकडं तसा उशिराच आला. नॅशनल फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली, दुसऱ्याच सीझनला तिची सेकंड डिव्हिजन निघाली, २००७ मध्ये एनएफएलची आय-लीग झाली आणि २००८ पासून आय-लीग सेकंड डिव्हिजन. पहिल्याच वर्षी ती मुंबई एफसीनं जिंकली, पुढच्या वर्षी पुणे एफसी वर गेली. आज दोन्ही क्लब बंद आहेत. या पायरीवरून वर चढणं एक आणि वर टिकून राहणं दुसरं. पुढं मधल्या काळात आयएसएल क्लबांच्या रिझर्व्ह, म्हणजे राखीव खेळाडूंच्या टीमाही इथं खेळवल्या, पण त्यांना वर जायची परवानगी नव्हती, म्हणजे टेबलात वर असून उपयोग शून्य.

आताची रचना जास्त मोकळी आहे. २०२३ मध्ये आय-लीग ३ सुरू झाली, तिच्यात राज्य संघटनांनी पाठवलेले क्लब खेळतात, तिथून आय-लीग २, तिथून आय-लीग, आणि २०२२-२३ पासून आय-लीग जिंकणाऱ्याला आयएसएलचा दरवाजाही उघडला. पंजाब एफसी त्या वाटेनं गेलेला पहिला क्लब, दुसरा मोहम्मडन स्पोर्टिंग. आय-लीग २ मधून २०२३-२४ ला एससी बेंगळुरू आणि गोव्याचा जुना डेम्पो वर गेले, २०२४-२५ ला डायमंड हार्बर आणि मिझोरमचा चानमारी. डायमंड हार्बरचं उदाहरण लोक लय देतात, कारण क्लबच २०२२ चा, त्यानं आय-लीग ३ आणि आय-लीग २ एकाच सीझनमध्ये जिंकली आणि २०२५ मध्ये ड्युरँड कपच्या फायनलपर्यंत धडक मारली (तिथं नॉर्थईस्ट युनायटेडनं सहा गोल घातले ते सोडा). म्हणजे शिडी खरी आहे, पण ती इतक्या पटापट चढायची तर मागं पैसेवाला माणूस पाहिजे.

महाराष्ट्रातून या पायरीवर जी नावं गाजली ती केंकरे, अंबरनाथ युनायटेड अटलांटा, महाराष्ट्र ऑरेंज अशी. यात विदर्भातलं नाव नाही, पण विदर्भात पोट्टे नाहीत म्हणून असं झालं, हे कोणी म्हणू नये. नागपूर जिल्ह्यातली कामठी ही इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली छावणी, आणि फुटबॉलचं वेड तिथं आजही घराघरात आहे. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं नागपूरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं चालत आली. नागपुरातच हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं, त्या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला.

आता नागपूर-कामठी सोडून तालुक्याच्या गावाकडं या. इथं ग्राउंड म्हणजे झेडपी शाळेमागची जागा, आणि बहुतेक ठिकाणी तिथंच आठवडी बाजारही भरते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी कांद्याची टरफलं, सुतळ्या, पालाचे खिळे वेचा, मग चुन्याची फक्की मारून लाइन ओढा. गोलपोस्ट बांबूचा किंवा पाइपचा, त्याला जाळी नसते, त्यामुळं बॉल पोस्टच्या आतून गेला का बाहेरून यावरून निम्म्या मॅचा अडतात आणि गोलपोस्टच्या मागं उभी असलेली बारकी पोरं हेच लाइनमन होतात. माती काळी. पावसात ती बुटाच्या स्टडमध्ये अशी धरते की पाय उचलत नाही, आणि उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात, त्यात घोटा गेला की सीझन गेला. चंद्रपूर साइडला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, तवा दुपारी कोण खेळते बाप्पा? म्हणून गावचं खरं फुटबॉल दिवाळीनंतर, सोयाबीन घरी आलं की. पण तेव्हाच कापसाची वेचणी असते, अर्धी टीम सकाळी शेतात आणि चार वाजता ग्राउंडवर.

या गावच्या स्पर्धा बहुतेक सेव्हन-अ-साइड, म्हणजे सात-सात जणांच्या. इनाम गावातला दुकानदार नाहीतर पुढारी देते. सेमीफायनल आली की टीमा कामठी-नागपूरहून एक-दोन खेळाडू आणतात, त्यांना पेट्रोल, जेवण आणि हातात थोडे पैसे. आय-लीग २ मध्ये जे करारावर होते तेच इथं तोंडी होते, फरक इतकाच की तिथं खेळाडूची नोंदणी एआयएफएफच्या ऑनलाइन सिस्टममध्ये लागते, आणि क्लब बदलायचा तर रीतसर ट्रान्सफर.

गावातल्या पोराची वर जायची वाट कागदावर सरळ आहे. शाळेत असताना सुब्रतो कप (ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे), तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, जमलं तर दिल्ली. मग नागपूरच्या लीगमधला क्लब, मग राज्याची टीम आणि राज्याराज्यांच्या टीमांची संतोष ट्रॉफी. पण वाट तुटते ती जिल्हा आणि देश यांच्या मध्ये. नागपूर म्हणायला देशाच्या मधोमध, मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही रेल्वेलाइन इथंच एकमेकींना कापतात, तरी क्लबला होम-अवे खेळायचं तर आज बंगाल, उद्या मिझोरम, परवा गोवा, वीस-पंचवीस माणसांचं तिकीट, हॉटेल, फिजिओ, रेफरीचा खर्च, आणि गेटवर तिकीट विकून त्यातलं काही निघत नाही. वरून क्लब लायसन्सिंग, म्हणजे लीगमध्ये खेळायला क्लबनं पुऱ्या करायच्या अटी: ग्राउंड, लायसन्सवाला कोच, युथ टीम. जिल्ह्याचा क्लब वर्गणीवर चालते, तो हे कुठून आणणार.

म्हणून इकडच्या चांगल्या खेळाडूला तुम्ही विचारा, तो आय-लीग २ नाही म्हणणार, रेल्वे म्हणेल. किंवा पोलीस, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी). महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी स्पर्धेचं सर्टिफिकेट लागते, ते पडताळणीत पास व्हावं लागते. घरच्यांना लीगचं टेबल समजत नाही, सर्टिफिकेट समजते. यात पोराचं काही चुकते असं मला वाटत नाही. महिन्याच्या एक तारखेला पगार देणारा क्लब जोवर आसपास नाही तोवर डिपार्टमेंटची टीम हाच त्याचा प्रोफेशनल क्लब, आणि एकदा नोकरी लागली की तो ऑफिसकडूनच खेळते.

२०२५ च्या जुलैमध्ये तर खुद्द आयएसएलच थांबवली होती, फेडरेशन आणि कमर्शियल पार्टनर यांच्यातला २०१० चा करार संपत आला आणि पुढचं काही ठरलं नव्हतं म्हणून. वरच्या क्लबांनी पगार रोखल्याच्या बातम्या आल्या. त्या वाचून गावात कोणाचा बाप पोराला म्हणणार, जा, लीग खेळ म्हणून?

मुलींसाठी अशीच दुसरी पायरी, इंडियन विमेन्स लीग २, ही २०२३-२४ पासून आहे.