लालबुड्या बुलबुलाची परसातील वीण

लालबुड्या बुलबुल (पिक्नोनोटस कॅफर) महाराष्ट्रात गावाशहरांत सगळीकडे दिसतो. जास्वंद, मधुमालती, कढीपत्ता, अगदी गॅलरीतली टांगती कुंडीही त्याला घरट्यासाठी चालते. म्हणून घरबसल्या वीण पाहायला हा सर्वांत सोयीचा पक्षी. विणीचा मुख्य काळ फेब्रुवारी ते सप्टेंबर. एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घातली जातात.

बारीक काड्या, मुळ्या आणि गवत यांचे वाटीसारखे घरटे कोळिष्टकांनी पक्के केलेले असते. मादी रोज एक याप्रमाणे 2 ते 3 अंडी घालते. ती गुलाबीसर असून त्यांवर तांबूस-जांभळे ठिपके असतात. उबवणीला साधारण दोन आठवडे लागतात. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात आणि साधारण 12-13 दिवसांत घरटे सोडतात.

घरट्यात न डोकावताही हे सगळे कळते. चोचीत गवत म्हणजे बांधणी. काठावर फक्त शेपूट आणि डोके दिसते म्हणजे उबवणी. अळी किंवा नाकतोडा घेऊन फेऱ्या सुरू झाल्या की पिल्ले बाहेर आली. भरवून झाल्यावर पालक क्षणभर काठावर थांबतो. पिल्लू पाठ फिरवून शेपटीकडची बाजू वर करते, पांढरी विष्ठेची पिशवी बाहेर येते आणि पालक ती गिळतो किंवा लांब नेऊन टाकतो. घरटे कोरडे आणि वासरहित राहते ते यामुळेच.

खिडकीआड, पडद्याच्या फटीतून, 4-5 मीटरवरून दुर्बिणीने पाहावे. पक्षी अन्न चोचीत धरूनच ओरडत बसला, घरट्याकडे जाईना, तर आपण फार जवळ आहोत. लगेच मागे व्हावे. त्या ओरडण्याने आणि आपल्या वारंवार जाण्याने कावळा, भारद्वाज व मांजर यांना घरट्याचा पत्ता लागतो. परसातली बरीच घरटी अशीच जातात. फोटोसाठी समोरची फांदी छाटणे तर सर्वांत वाईट: आडोसा जातो आणि दुपारच्या उन्हात पिल्ले होरपळतात. कुंडीत घरटे असेल तर पाणी कडेने, बारीक धारेने घालावे. जवळ भात-पोळी ठेवू नये, कावळे जमतात.

पिसे फुटलेल्या पिल्लांच्या जवळ जाणे विशेष टाळावे. दहाव्या दिवसानंतर ती घाबरून वेळेआधी उड्या टाकतात. उघडे पिल्लू खाली पडले तर अलगद उचलून परत ठेवावे. माणसाच्या स्पर्शाने आई टाकून देते ही समजूत खोटी आहे. पिसे आलेले, आखूड शेपटीचे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा नुकतेच घरट्याबाहेर पडलेले असते. त्याला जवळच्या झुडपात बसवून मांजर लांब ठेवले की पुरे. पालक तिथेही भरवतात. घरटेच पडले तर तळाला भोके असलेल्या छोट्या टोपलीत ते बसवून त्याच जागी बांधावे आणि तास-दोन तास लांबून लक्ष ठेवावे. दूध-पाव देऊ नये, चोचीत पाणी सोडू नये. पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या व्याख्येनुसार वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे, तसेच अंडी किंवा घरटी विस्कटणे ही शिकारच ठरते.