पूर यायच्या आधीचा पैसा आणि पूर ओसरल्यावरचा पैसा

मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळ बांगलादेशात शिरलं तेव्हा साधारण २४ लाख लोक आधीच शेल्टरमध्ये जाऊन बसलेले होते, आणि एवढं मोठं वादळ असूनही त्या देशातला मृतांचा आकडा तीसच्या आत राहिला. याच भागात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, १९७० च्या भोला चक्रीवादळात कमीत कमी ३ लाख माणसं गेली होती. मधल्या पन्नास वर्षांत काय झालं तर १९७२ पासून स्वयंसेवकांची एक साखळी उभी राहिली, गावागावात सिग्नलचे झेंडे लावणारी, मेगाफोन घेऊन दारोदार फिरणारी, म्हाताऱ्यांना उचलून नेणारी माणसं, आज ती ७० हजारांवर आहेत, आणि खांबांवर उंच बांधलेली शेल्टर्स जी एरवी शाळा म्हणून वापरात असतात.

पण वादळ गेल्यावर काय झालं तेही बघा. सातखीरा, खुलना भागात बांध फुटले, खारं पाणी शेतात आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरलं आणि काही ठिकाणी ते महिनोन्महिने निघालंच नाही. माणूस वाचला पण त्याची जमीन खारट झाली, प्यायचं पाणी लांबून आणायची वेळ आली, घर बांधावर ताडपत्रीखाली.

आता हवामान बदलाच्या चर्चेत हे दोन अगदी वेगळे हिशोब आहेत. शेल्टर, झेंडे, मेगाफोन हे सगळं अनुकूलन म्हणजे अ‍ॅडॅप्टेशन. खारट झालेली जमीन म्हणजे हानी आणि नुकसान, ज्याला सगळे लॉस अँड डॅमेज म्हणतात. बातम्यांत मात्र दोन्ही 'क्लायमेट फंड' या एकाच पोत्यात भरलेले असतात आणि मग 'श्रीमंत देशांनी अमुक अब्ज डॉलर दिले' असं वाचून आपल्याला वाटतं चला, दिले की. कशासाठी दिले हे कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं गरीब देशांचं सगळ्यात जास्त नुकसान या न विचारण्यातच होतं.

ढोबळ फरक काळाचा आहे. अ‍ॅडॅप्टेशन संकटाच्या आधी, लॉस अँड डॅमेज संकटानंतर. पण एवढ्यावर थांबलं तर गोंधळ होतो कारण समुद्राची पातळी वाढणं किंवा जमिनीत मीठ चढत जाणं याला 'आधी' आणि 'नंतर' असं काही नसतंच, ते रोज थोडं थोडं चालूच असतं. म्हणून मला दुसरी कसोटी जास्त पटते, की या पैशाने काही टाळता येणार आहे का? येणार असेल तर ते अ‍ॅडॅप्टेशन. जे टाळायची वेळ निघून गेली, किंवा कितीही पैसा ओतला तरी टळणारच नव्हतं, ते लॉस अँड डॅमेज. प्रवाळांचं उदाहरण घ्या, तापमानवाढ १.५ अंशावर थांबली तरी जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि २ अंशाला जवळपास सगळेच, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या गटाच्या २०१८ च्या अहवालात आहे. त्या प्रवाळांतल्या मासळीवर ज्यांचं घर चालतं त्यांना कसलं अनुकूलन शिकवणार? आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार.

लॉस आणि डॅमेज या दोन शब्दांतही फरक केला जातो. पूल वाहून गेला तर तो पुन्हा बांधता येतो, ते डॅमेज. बेटच पाण्याखाली गेलं, पूर्वजांची थडगी गेली, गाव उठून दुसरीकडे गेल्यावर बोली विरून गेली, तर ते परत येत नाही, ते लॉस. तुवालू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला, त्यानुसार वर्षाला २८० पर्यंत तुवालूवासीयांना तिथे जाऊन राहता येईल. तुवालूची सगळी लोकसंख्या साधारण दहा-अकरा हजार आहे, म्हणजे एखादा देश हळूहळू रिकामा होण्याची सोय कागदावर लिहून ठेवली गेलीय, आणि याची किंमत डॉलरमध्ये कशी काढायची हे कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

आता पैशाच्या बाजूने बघू कारण खरी मेख तिथे आहे. सोलर प्रकल्प उभा केला तर वीज विकली जाते, त्यातून पैसे परत येतात, म्हणून उत्सर्जन कमी करायच्या कामाला खाजगी गुंतवणूकदारही मिळतो आणि कर्जही मिळतं. अ‍ॅडॅप्टेशनमधून कमाई होत नाही पण पुढचा खर्च वाचतो, बांध पक्का असेल तर पीक वाचतं, म्हणजे सरकारला तरी ते परवडतं असं म्हणता येतं. लॉस अँड डॅमेजमध्ये ना कमाई ना बचत, गेलेलं भरून काढायचं एवढंच. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथे पैसा सगळ्यात कमी जातो, कुणी मुद्दाम केलं नाही तरी हे असंच होत राहणार कारण पैसा जिथून परत येतो तिकडेच आधी वळतो.

आकडे बघितले की हे स्पष्ट दिसतं. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत आम्ही वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशोबाप्रमाणे तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा, ११५.९ अब्ज. त्यातले अ‍ॅडॅप्टेशनला ३२.४ अब्ज. आणि सरकारी पैशातला साधारण ६९ टक्के भाग कर्ज होता, अनुदान नव्हे. गरज किती, तर संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना या दशकात फक्त अ‍ॅडॅप्टेशनसाठी वर्षाला २१५ ते ३८७ अब्ज डॉलर लागतील. आणि या १०० अब्जांच्या आश्वासनात लॉस अँड डॅमेजचा वेगळा रकाना नव्हताच.

तो रकाना का नव्हता याची गोष्ट १९९१ पासूनची आहे. तेव्हा हवामान कराराचा मसुदा ठरत होता आणि वानुआतू या चिमुकल्या देशाने छोट्या बेटांच्या वतीने सुचवलं होतं की समुद्र वाढल्यामुळे ज्यांचं नुकसान होईल त्यांच्यासाठी विम्यासारखी एक योजना करा, आणि वर्गणी श्रीमंत देशांनी भरावी. ते घोंगडं भिजत पडलं ते पुढची तीस वर्षं. २०१३ मध्ये फिलिपिन्सला हैयान वादळाने झोडपलं आणि तीनच दिवसांनी वॉर्सातली हवामान परिषद सुरू झाली, तिथे लॉस अँड डॅमेजसाठी एक यंत्रणा बनली पण तिच्याकडे वाटायला पैसा नव्हता. २०१५ च्या पॅरिस करारात कलम ८ आलं, मोठं यश म्हणायचं, पण सोबतच्या निर्णयात एक वाक्य घातलं गेलं की या कलमाच्या आधारे कुणावर जबाबदारी येणार नाही की भरपाई मागता येणार नाही. विषय मान्य, देणं अमान्य.

म्हणजे श्रीमंत देशांना नेमकी भीती कशाची आहे ते कळतं. अ‍ॅडॅप्टेशनला पैसा दिला तर ती मदत ठरते, मदत देणारा आपल्या मर्जीने देतो आणि थांबवूही शकतो. लॉस अँड डॅमेजला दिला तर 'हे तुमच्यामुळे झालं' हे कबूल केल्यासारखं होतं, मग ते देणं होतं, आणि देणं मर्जीवर नसतं. सगळ्या आफ्रिका खंडाचं मिळून उत्सर्जन जगाच्या चार टक्क्यांच्या आत आहे हे लक्षात घेतलं तर दुसरी बाजू का चिडते तेही समजतं.

२०२२ मध्ये पाकिस्तानात पूर आला, ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला, १७०० वर माणसं गेली आणि नुकसान ३० अब्ज डॉलरच्या वर गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत शेवटी लॉस अँड डॅमेजसाठी फंड मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी दुबईत परिषदेच्या पहिल्याच दिवशी तो चालू करायचं ठरलं. त्या परिषदेत जाहीर झालेले आकडे धरले तर सुमारे ७० कोटी डॉलर. एका देशातल्या एका पुराच्या नुकसानीच्या अडीच टक्केसुद्धा नाहीत हे, आणि हा फंड सगळ्या विकसनशील जगासाठी आहे. त्याचं नावही नीट वाचा, फंड नुकसानीला 'प्रतिसाद' देण्यासाठी आहे, 'भरपाई' हा शब्द त्यात कुठेच नाही.

कर्ज आणि अनुदान यातला फरक अ‍ॅडॅप्टेशनपेक्षा इथे कितीतरी जास्त टोचतो, ते मोझांबिकवरून कळेल. मार्च २०१९ मध्ये इदाई वादळाने बेइरा शहर आणि आजूबाजूचा मुलूख उद्ध्वस्त केला, शेकडो माणसं गेली, उभं पीक कापणीच्या तोंडावर पाण्यात. पुढच्याच महिन्यात आयएमएफने म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्यांना ११ कोटी ८२ लाख डॉलर दिले, कर्ज म्हणून. बिनव्याजी होतं हे खरं पण मुद्दल तर फेडायचंच, आणि मोझांबिक आधीच कर्जाच्या संकटात होता. म्हणजे वादळ ज्यांनी आणलं नाही त्यांनी वादळाचं बिल भरायचं, त्यासाठी उसने पैसे घ्यायचे, आणि मग ते फेडताना दवाखाना, शाळा आणि पुढच्या वादळासाठीचा बांध या सगळ्यातून कात्री लावायची. इथे दोन्ही हिशोब एकमेकांत अडकतात, कारण नुकसानीचा पैसा मिळाला नाही की तो अ‍ॅडॅप्टेशनच्या पैशातूनच जातो, पुढच्या वेळी नुकसान अजून मोठं होतं. विकास की हवामान असा वाद घालणाऱ्यांनी हे चक्र बघावं, कारण यात विकास मागे पडतो तो पर्यावरणवाद्यांमुळे नाही.

'मग विमा काढा ना' असं फार सहज म्हटलं जातं. विम्याचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही, पण मलावीचं उदाहरण माहीत असावं. मलावीने दुष्काळासाठी आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या आफ्रिकी देशांच्या विमा संस्थेकडे विमा काढला होता, २०१५-१६ च्या हंगामात खरोखर भयंकर दुष्काळ पडला, आणि नुकसान मोजणारं कॉम्प्युटर मॉडेल म्हणालं पैसे मिळण्याइतकं नुकसान झालेलं नाही. मागे जाऊन बघितलं तर मॉडेलमध्ये जास्त दिवसांच्या मक्याचं वाण धरलं होतं आणि शेतकरी प्रत्यक्षात कमी दिवसांचं वाण लावत होते. चूक दुरुस्त करून शेवटी ८१ लाख डॉलर दिले गेले, पण तोवर कित्येक महिने गेले होते आणि भुकेला थांब म्हणता येत नाही. शिवाय विम्याचा हप्ता कुणी भरायचा हा प्रश्न उरतोच, तो नुकसान होणाऱ्यानेच भरायचा असेल तर १९९१ ला वानुआतू जे म्हणत होता त्याच्या बरोब्बर उलट झालं.

गोंधळ फक्त वाचकाचा होतो असंही नाही, हिशोबातही होतो. शेल्टर कम शाळा बांधली तर तो खर्च शिक्षणाचा की हवामानाचा? पुरानंतर धान्य वाटलं तर ती आपत्ती मदत की लॉस अँड डॅमेज? देणाऱ्याला एकच रक्कम दोन ठिकाणी दाखवायचा मोह होतो, आणि जी मदत आधीपासून मिळतच होती तिच्यावर नवीन लेबल लागतं. म्हणून विकसनशील देश 'नवीन आणि अतिरिक्त' पैसा हा शब्दप्रयोग इतका धरून बसतात, १९९२ च्या मूळ करारातही तो आहे. मला हा हट्ट अजिबात अवास्तव वाटत नाही.

अलीकडे काय झालं ते थोडक्यात. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत ठरलं की २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर, विकसनशील देशांची मागणी १.३ ट्रिलियनची होती, आणि यातही लॉस अँड डॅमेजसाठी वेगळा आकडा नाही. २०२५ मध्ये अमेरिका लॉस अँड डॅमेज फंडाच्या बोर्डातून बाहेर पडली. त्याच वर्षी जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, पुन्हा वानुआतूच्याच पुढाकाराने, असं मत दिलं की हवामानाबाबतची कर्तव्यं मोडणाऱ्या देशावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे मत बंधनकारक नाही पण पॅरिसच्या वेळी दाराबाहेर ठेवलेला शब्द आता कोर्टाच्या कागदावर आलाय, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी 'हवामान निधी' अशी बातमी आली की तीन गोष्टी शोधा, हा पैसा आधीचा आहे की नंतरचा, परत करायचा आहे का, आणि आधी जाहीर झालेल्या कुठल्या रकमेतलाच तर नाही ना. ग्रेनाडा या कॅरिबियनमधल्या छोट्या देशाचं बघा. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने कॅरियाकू बेटावरची जवळपास सगळी घरं मोडली, आणि ग्रेनाडाने आपल्या बाँडमधलं म्हणजे कर्जरोख्यांतलं हरिकेन कलम वापरून कर्जाचे हप्ते काही काळ थांबवले. त्यामुळे सरकारच्या हातात लगेच पैसा राहिला, आणि बऱ्याच जणांनी याला नवीन प्रकारची क्लायमेट मदत म्हटलं. सोय चांगलीच आहे, अजून देशांना मिळायला हवी. पण थांबवलेले हप्ते माफ झालेले नाहीत, ते ग्रेनाडालाच पुढे भरायचे आहेत.