ब्रिटिश राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजना

दुसऱ्या महायुद्धात राष्ट्रकुलातील देशांसाठी विमानकर्मी घडवणारी, कॅनडाच्या भूमीवर राबवलेली योजना. १७ डिसेंबर १९३९ रोजी ऑटावा येथे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी करारावर सह्या केल्या. २९ मार्च १९४५ रोजी योजना बंद झाली. तेवढ्या अवधीत १,३१,५५३ जण तिच्यातून तयार झाले. त्यांत ७२,८३५ कॅनडाच्या हवाई दलाचे, ४२,११० ब्रिटनच्या हवाई दलाचे, ९,६०६ ऑस्ट्रेलियाचे आणि ७,००२ न्यूझीलंडचे होते. ब्रिटनच्या आकड्यात फ्रेंच, चेक, नॉर्वेजियन आणि पोलिशही धरलेले आहेत. युद्धातील कॅनडाच्या हवाई कामगिरीची चर्चा सहसा बॉम्बफेकी विमानांपासून सुरू होते, पण त्या देशाचे खरे मोठे काम हेच म्हटले पाहिजे.

पार्श्वभूमी : ब्रिटनचे आकाश दाटीचे, हवा ढगाळ आणि शत्रू जवळ. कॅनडात मोकळे आकाश होते, अमेरिकेतील कारखाने शेजारी होते आणि जर्मन विमाने तिथवर पोहोचणे शक्य नव्हते. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांचा हिशेब मात्र वेगळाच होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सक्तीच्या सैन्यभरतीवरून फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांत आणि उर्वरित देश यांच्यात उभी फूट पडली होती. ती पुन्हा पडू नये म्हणून पायदळ मोठ्या संख्येने न पाठवता कॅनडाने आपला वाटा प्रशिक्षणातून उचलावा, असे त्यांना वाटत होते. प्रशिक्षण योजना हीच कॅनडाची सर्वांत परिणामकारक मदत ठरेल, असे ब्रिटनकडून जाहीरपणे वदवून घेण्याचा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. खर्चावरूनही बरीच घासाघीस झाली. सह्या झाल्या तो दिवस किंग यांचा ६५ वा वाढदिवस होता. एकूण सुमारे २२० कोटी डॉलर खर्चापैकी १६० कोटी अखेर कॅनडानेच सोसले.

उभारणी : युद्ध सुरू झाले तेव्हा कॅनडाच्या हवाई दलात जेमतेम ४,००० माणसे होती. शाळा उभारायच्या, तर शिकवणारे कुठून आणायचे, हाच पहिला पेच होता. सुरुवातीच्या तुकड्यांतील बहुतेक वैमानिकांना आघाडीवर न पाठवता शिक्षक म्हणून मागे ठेवण्यात आले. लढायला आलेल्या त्या तरुणांना ते अर्थातच रुचले नाही. प्राथमिक उड्डाणशाळा चालवण्याचे काम नागरी फ्लाइंग क्लबांकडे सोपवले गेले. मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या गव्हाच्या सपाट प्रदेशांत एकामागून एक विमानतळ उभे राहिले. तिथल्या धावपट्ट्या त्रिकोणी आखणीच्या असत, म्हणजे वारा कुठूनही आला तरी त्याच्या समोरून उतरता येई. ऐन भरात योजनेच्या शंभराहून अधिक शाळा चालू होत्या आणि कर्मचाऱ्यांची संख्या लाखावर गेली होती.

प्रशिक्षणाचा क्रम : नवा भरती झालेला मुलगा आधी 'मॅनिंग डेपो'त, म्हणजे भरती झालेल्यांच्या छावणीत, जाई. टोरांटोचा डेपो प्रदर्शनाच्या मैदानावर होता. जिथे एरवी गुरांची प्रदर्शने भरत त्याच इमारतीत शेकडो जण झोपत. तिथे कवायत आणि लसी झाल्या की प्रारंभिक शाळा. तिथे गणित, हवामान आणि 'लिंक ट्रेनर' नावाच्या खोलीतल्या नकली विमानाची परीक्षा. कोण वैमानिक होणार आणि कोण नेव्हिगेटर (विमानाचा मार्ग आखणारा), हे बऱ्याच अंशी इथेच ठरे. वैमानिक होणाऱ्याला टायगर मॉथ किंवा फ्लीट फिंच या दोन पंखी विमानांवर पन्नासएक तास उडावे लागे. त्यानंतर लढाऊ विमानांकडे जाणारे हार्वर्डवर आणि अनेक इंजिनांच्या विमानांकडे जाणारे अॅन्सन, ऑक्सफर्ड वा सेस्ना क्रेनवर जात. अॅन्सनची चाके हाताने हँडल फिरवून आत घ्यावी लागत, तीही तब्बल दीडशेच्या आसपास फेरे देऊन. हे काम अर्थातच शिकाऊच्या वाट्याला येई.

विमानातून गोळीबार शिकवणाऱ्या गनरी शाळांतील पद्धत तर खास होती. एक विमान मागे लांब कापडी नळा ओढत जाई आणि दुसऱ्या विमानातील शिकाऊ त्यावर गोळ्या झाडत. प्रत्येकाच्या गोळ्यांच्या टोकांना वेगळा ओला रंग लावलेला असे. नळा खाली आला की भोकांभोवतीचे रंग पाहून कोणाचे किती नेम लागले ते मोजत. शिकाऊ विमाने पिवळ्या रंगाची असत, आणि शिकाऊंच्या टोपीत पांढरी पट्टी. प्रशिक्षणातल्या अपघातांत शेकडो जण दगावले; त्यांपैकी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कित्येकांच्या कबरी प्रेअरीतल्या, म्हणजे त्याच सपाट गवताळ प्रदेशातल्या, लहान गावांत आहेत.

भरती सर्वांना खुली नव्हती. सुरुवातीला युरोपीय वंशाची अट होती. ती १९४२ मध्ये उठली. स्त्रियांसाठी १९४१ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. त्यात सुमारे १७,००० जणी आल्या, पण विमान चालवण्याचे काम त्यांना मिळाले नाही.

युद्धभूमीवर : करारातील १५ व्या कलमामुळे कॅनडाला स्वतःच्या नावाची पथके उभारण्याचा हक्क मिळाला आणि त्यांना ४०० पासूनचे क्रमांक दिले गेले. तरीही परदेशी गेलेले निम्म्याहून अधिक कॅनेडियन विमानकर्मी ब्रिटिश पथकांतच विखुरले. त्यामुळे त्यांच्या कामगिरीचे श्रेय अनेकदा दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. १ जानेवारी १९४३ पासून यॉर्कशरमध्ये कॅनडाचा स्वतःचा सहावा बॉम्बर ग्रुप कामाला लागला. पहिल्या काही महिन्यांत त्याची हानी फार झाली. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, म्हणजे बॉम्बर कमांडमध्ये, सुमारे १०,००० कॅनेडियन मरण पावले, आणि साऱ्या युद्धात हवाई दलाचे १७,००० हून अधिक. मनुष्यहानी कमी राहावी म्हणून किंग यांनी जो मार्ग निवडला होता, त्याचाच हा हिशेब.

या योजनेचा धागा भारतापर्यंतही येतो. १९४४ मध्ये पंजाबातील गुजरात (आता पाकिस्तानात, गुजरात राज्य नव्हे) या गावी कॅनडाची ४३५ आणि ४३६ क्रमांकाची पथके उभी राहिली. वर्षअखेरीस ती इम्फाळ भागात आली आणि डकोटा विमानांतून ब्रह्मदेशात उतरलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याला रसद पोहोचवू लागली. तांदळाची पोती दुहेरी शिवून, हवाई छत्रीशिवाय, डोंगरांतल्या मोकळ्या जागांवर विमानाच्या दारातून ढकलत. ४३५ पथकाचा तळ तुलिहाल येथे होता. इम्फाळचा आजचा विमानतळ तिथेच आहे. सिलोनच्या रक्षणातही कॅनेडियन होते. ४ एप्रिल १९४२ रोजी ४१३ पथकाचे लेनर्ड बर्चल यांनी कॅटलिना विमानातून जपानी आरमार पाहिले आणि विमान पाडले जाण्यापूर्वी बेटाला इशारा दिला. युद्ध संपेपर्यंत ते जपान्यांच्या कैदेत होते.

वारसा : योजना संपल्यावर कित्येक तळ सोडून दिले गेले, काहींवर पुढे १९५० च्या दशकात नाटोच्या वैमानिकांना शिकवण्यात आले. मॅनिटोबातील गिमली येथील जुन्या तळावर २३ जुलै १९८३ रोजी इंधन संपलेले एअर कॅनडाचे बोइंग ७६७ इंजिने बंद असताना उतरले आणि सर्व प्रवासी वाचले. धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती भरत. ब्रॅंडन येथे योजनेचे संग्रहालय आहे. सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या प्रांतांनी युद्धात मेलेल्या सैनिकांची नावे तळ्यांना आणि बेटांना दिली आहेत.

स्मृती जपण्यावर मात्र एकमत नाही. ऑटावाच्या युद्ध संग्रहालयातील जर्मन शहरांवरील बॉम्बहल्ल्यांविषयीच्या फलकाला माजी सैनिकांनी तीव्र हरकत घेतली. संसदेच्या वरिष्ठ सभागृहापर्यंत वाद गेल्यावर २००७ मध्ये फलकाचा मजकूर बदलण्यात आला. काही इतिहासकारांना तो बदल पटला नाही.