हौदा पिस्तूल घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जखमी वाघाने हत्तीवर झेप घेतली, की हौद्यातल्या शिकाऱ्याला लांब रायफल फिरवायला ना जागा असायची ना वेळ. त्या हातभर अंतरासाठी इंग्लंडच्या कारागिरांनी ही आखूड, जाड बोअरची दुनळी पिस्तुलं घडवली. आधीची ठासणीची (दारू-गोळी तोंडातून ठासायची), केपाची (ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीची). नंतरची मागून काडतूस भरायची, त्यांत .५७७ इंची स्नायडर काडतुसाची बरीच. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप. बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी, कारण तो आकडा म्हणजे एक पौंड शिशातून त्या मापाच्या किती गोळ्या होतात ते. १६ बोअर म्हणजे सुमारे १६.८ मिमी, तर २० बोअर १५.६ मिमी.

पारखताना नावावर जाऊ नका. नामवंत इंग्लिश बंदूककार मँटन किंवा वेस्टली रिचर्ड्‌स कोरलेलं दिसलं की किंमत चढते, आणि बनावटगिरीत नाव कोरणं हेच सर्वांत सोपं. आम्ही आधी नळ्या उतरवून खालून बघतो. लंडनचा किंवा बर्मिंगहॅमचा (तिथलं प्रूफ हाउस, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणारी संस्था, १८१३ पासूनचं) चाचणीचा ठसा कुठे आहे, बोअरच्या आकड्याशी जुळतो का, ते पाहतो. अंडाकृतीत ‘ईएलजी’ असेल तर माल बेल्जियमच्या लिएजचा. वाईट नव्हे, पण इंग्लिश भावाने घेऊ नका. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असा ठसा दिसला तर ती १८७५ ते १८८७ मधली चोक असलेली, म्हणजे तोंडाशी निमुळत्या नळीची शॉटगन, कोणीतरी कापलेली. कापलेल्या दुनळीच्या तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट राहते आणि त्यात फट बुजवायला ओतलेला ताजा डाक (सोल्डर) चमकतो. ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ (फक्त काळी दारू) असेल तर ती आजची प्रतिकृती, मग दस्ता कितीही काळवंडलेला असो.

कायद्याचं सरळ सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या शस्त्राला मिळते, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. चालू होण्यासारखं असेल, तर शंभर वर्षांचं असलं तरी परवाना लागतो. कागदपत्रांशिवाय आम्ही वस्तू हातात घेत नाही, ओळखीतल्यांचीही नाही. पुरातन वस्तू कायदा १९७२ मुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवता येत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर दूर राहा.

ठासणीचं पिस्तूल घरात सापडलं, तर ते भरलेलं आहे असंच धरा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. हॅमरला हात लावू नका, नळीत डोकावू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. रिकामं करणं हे घरचं काम नव्हे.

स्वच्छतेसाठी मऊ कापड आणि थोडं हलकं तेल पुरे. पितळेचं पॉलिश, पॉलिश पेपर, लोखंडी लोकर मुळीच नको. दमास्कस (लोखंड-पोलाद पिळून घडवलेल्या) नळ्यांवरचा तपकिरी नक्षीदार रंग एकदा घासला गेला की मूळ किंमत गेली. नवा रंग चढवून देणारे बरेच आहेत, आम्ही ते काम घेत नाही.

दाखवायला आणण्यापूर्वी परवान्याची किंवा कलम ४५ च्या सवलतीच्या कागदांची प्रत, उजेडात काढलेले ठशांचे फोटो आणि मूळ पेटी असेल तर तिचाही फोटो पाठवा. पेटीतला गोळीचा साचा पिस्तुलाच्या बोअरशी जुळला तर आमचं निम्मं काम तिथेच होतं.