सादळण्याआधीची सात मिनिटं

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. परवा फोनवर तावातावाने सांगत होता, "मामा, त्या यादीवरून इथे अजून भांडणं होतात." यादी म्हणजे २०१९ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने छापलेली फ्रेंच फ्राइजची क्रमवारी. १९ फास्ट फूड साखळ्यांचे फ्राइज खाऊन नंबर लावले गेले आणि कॅलिफोर्नियाच्या घरच्या, लाडक्या 'इन-एन-आउट'ला शेवटचा, १९वा नंबर मिळाला. भाच्याला ते अजून झोंबतंय. त्याचं म्हणणं सरळ होतं. बहुतेक साखळ्या गोठवलेले तुकडे तळतात. इन-एन-आउट दुकानातच ताजा बटाटा चिरून सूर्यफुलाच्या तेलात तळतं. मग ताजं शेवटी आणि गोठवलेलं वर, हा कुठला न्याय?

मला मात्र त्यात न्याय दिसला. फ्राइजच्या कुठल्याही क्रमवारीत आपण मीठ, मसाला, तेलाचा वास यांवर बोलतो, पण नंबर ठरवतं पाणी. ते किती बाहेर गेलं आणि उरलेलं किती वेळाने सालीपर्यंत, म्हणजे तळून तयार झालेल्या वरच्या कडक थरापर्यंत, परत आलं, एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो.

आपण 'तळणे' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर तेल येतं. खरं काम मात्र पाणी उडवण्याचं आहे. कच्च्या बटाट्यात जवळजवळ ७९ टक्के पाणी असतं. खायला मिळणाऱ्या बारीक फ्राइजमध्ये ते ३८ टक्क्यांच्या आसपास उरतं आणि सुमारे १५ टक्के तेल असतं. ढोबळ हिशोब केला तर १०० ग्रॅम कच्च्या फोडींचे ४५ ग्रॅम फ्राइज होतात आणि वाटेत ६० ग्रॅमहून जास्त पाणी उडून जातं. त्या पाण्याची वाफ मोजली तर ती १०० लिटरच्या घरात जाते. मूठभर बटाट्यातून एवढी वाफ! कढईतला तो चर्र आवाज आणि बुडबुडे म्हणजे तेलाची उकळी नव्हे. तेल १७० अंशांना उकळत नाही. ते सगळे बुडबुडे वाफेचे असतात.

ही वाफ सुटत असते तोवर एक फार सुंदर गोष्ट घडते. फोडीच्या आत पाणी आहे तोपर्यंत आतलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जातच नाही. बाहेर १७०, आत १००, म्हणजे वरची साल तळली जाते आणि पोटातला गर वाफवला जातो. शिवाय वाफ दाबाने बाहेर ढकलत असल्यामुळे तेलाला आत शिरायला वावच मिळत नाही. 'जास्त वेळ कढईत राहिलं की जास्त तेल पितं' हा आपल्या स्वयंपाकघरातला सार्वत्रिक समज इथे अडखळतो. फ्राय बहुतांश तेल पितो तो झाऱ्यावर आल्यानंतर. बाहेर काढताच साल थंड होऊ लागते, छिद्रांमधली वाफ निवून तिचं पाणी होतं, जागा रिकामी होते, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून तळणीची जाळी वर येताच दोनतीनदा जोरात झटकणारा कामगार तुमच्या पोटाला बटाट्याच्या जातीपेक्षाही जास्त मदत करत असतो. घरी भजी काढतानाही हेच करावं. झारा कढईच्या काठाला टेकवून लगेच निथळवायचा, भजी गार झाल्यावर कागदावर टिपून विशेष उपयोग नाही.

पाण्याचा हा कारभार मॅकडोनाल्ड्सने फार लवकर ओळखला. १९५०च्या दशकात त्यांच्यासाठी काम करणाऱ्या लुई मार्टिनो या अभियंत्याला दिसलं, की गार फोडी टाकल्यावर तेलाचं तापमान कोसळतं, आणि प्रत्येक घाण्यात ते वेगळ्या पातळीपर्यंत कोसळतं. त्यामुळे घड्याळ लावून तळण्यात अर्थ नाही. पण तळाला गेलेलं तापमान तिथून तीन अंश फॅरनहाइट वर चढलं, की फ्राइज तयार झालेले असतात. तेलाची उष्णता वाफ करण्यात खर्च होते तोवर तेल तापू शकत नाही; पाणी कमी झालं की ते पुन्हा तापू लागतं. एका थर्मामीटरवर बटाट्याच्या पोटातलं पाणी वाचण्याची ही युक्ती मला फार आवडते.

आता भाच्याच्या तक्रारीकडे येऊ. एकदाच तळलेल्या ताज्या फोडीची अडचण अशी, की गर शिजेपर्यंत साल तयार होते, पण पातळ. जाड करायला आणखी तळावं तर रंग करपतो. यावरचा बेल्जियममधला जुना उपाय म्हणजे दोनदा तळणं. आधी मंद तेलात गर शिजवायचा, थांबायचं, मग कडक तेलात साल करायची. 'फाइव्ह गाइज' ही बर्गर साखळी ताजा बटाटा वापरूनही हेच करतं, शेंगदाण्याच्या तेलात. कारखान्यात पहिल्या तळणाच्या आधी आणखी एक पायरी असते. फोडी गरम पाण्यातून काढतात, त्यामुळे वरची जादा साखर धुतली जाते आणि पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून त्याचा चिकट थर बनतो. मग थोडं वाळवणं, मिनिटभराचं तळण आणि गोठवणं. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे दुसऱ्या तळणात पाण्याला बाहेर पडायला वाटा मिळतात. आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉट यांनी १९६०च्या दशकात मॅकडोनाल्ड्सला विकला तो हा गोठवलेला फ्राय. 'शेक शॅक' या दुसऱ्या बर्गर साखळीने २०१३मध्ये गोठवलेले नागमोडी फ्राइज सोडून ताजे चिरायला घेतले आणि पुढच्याच वर्षी, गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून, पुन्हा गोठवलेल्यांकडे वळले. ताजेपणा भाजीत मोठा गुण आहे. फ्रायमध्ये तो कच्चा माल आहे.

आकाराचा हिशोबही करून बघा. चौकोनी कापाची बाजू ७ मिलिमीटर आणि साल १ मिलिमीटर जाडीची धरली, तर आत ५ बाय ५ मिलिमीटरचा गर उरतो. ४९ पैकी २५. म्हणजे फ्रायचा निम्मा भाग नुसती साल! हीच बाजू १४ मिलिमीटर केली की सालीचा वाटा २७ टक्क्यांच्या आत येतो. बारीक फ्राय पहिल्या घासाला जिंकतो तो या गणितामुळे, आणि जाड फ्राय बटाट्यासारखा लागतो तोही यामुळेच.

पण मला खरं सांगायचंय ते सादळण्याबद्दल. वाळलेला स्टार्च हा शास्त्रीय अर्थाने काच असतो. लांबलचक रेणू एकमेकांत गुंतलेले, स्फटिकासारखी रचना नाही, आणि सगळे जागच्या जागी थिजलेले. दात लावला की ही काच वाकत नाही, तडकते. त्या बारीक बारीक तडकण्यांच्या आवाजालाच आपण कुरकुरीत म्हणतो. काच ठरावीक तापमानाच्या वर गेली की तिचे रेणू हलू लागतात आणि ती चिवट, रबरासारखी होते. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. स्टार्चच्या बाबतीत ते पाण्यावर अवलंबून असतं. पाण्याचे चिमुकले रेणू लांब साखळ्यांच्या मधे शिरून वंगणासारखं काम करतात. अगदी कोरड्या स्टार्चचं संक्रमण तापमान १०० अंशांच्या बरंच वर असतं. पाणी २० टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की ते उतरून खोलीच्या तापमानाला येतं. आता पेच बघा. ताजा फ्राय ७०-८० अंशांना खायचा असतो. त्या तापमानाला साल काच राहायला हवी, म्हणजे तिचं संक्रमण तापमान त्याहून वर हवं, म्हणजे तिच्यात पाणी फारच थोडं हवं. आणि तिला चिकटूनच आत ओलाकच्च गर बसलेला! आतलं पाणी कोरड्या सालीकडे सरकणारच. पापड सादळतो तो बाहेरच्या दमट हवेने; फ्रायचा वैरी त्याच्या पोटातच असतो. तळून काढलेले फ्राइज सात मिनिटांच्या पुढे ठेवायचे नाहीत, हा मॅकडोनाल्ड्सचा नियम या सरकणाऱ्या पाण्याचं वेळापत्रक आहे. पिशवीचं तोंड बंद केलं की बाहेर पडलेली वाफही सालीवरच उतरते आणि सात मिनिटंही मिळत नाहीत.

हे पाणी अडवायला सालीवर आणखी एक काच चढवायची, हा पुढचा उपाय. बर्गर किंगने १९९७-९८मध्ये स्टार्चचा पातळ लेप दिलेले फ्राइज आणले ते यासाठी. २०१३चे त्यांचे 'सॅटिसफ्राइज' आतलं तेल कमी करण्यासाठी कमी सच्छिद्र लेप घेऊन आले. कल्पना चांगली होती, पण वर्षभरात बहुतेक दुकानांतून गेले. वेंडीजने २०२१मध्ये आपले फ्राइज बदलले तेही गरम आणि कुरकुरीत जास्त वेळ राहावेत म्हणूनच. आपल्याकडे बेसनात मूठभर तांदळाचं पीठ घालणाऱ्या आजीला याचं नवल वाटणार नाही.

बटाट्याची निवडही शेवटी पाणी आणि साखर यांचीच गोष्ट आहे. मॅकडोनाल्ड्सची साखळी उभी करणाऱ्या रे क्रॉक यांनी १९५५मध्ये इलिनॉयमध्ये आपलं पहिलं दुकान काढलं, तेव्हा मॅकडोनाल्ड बंधूंची पद्धत तंतोतंत पाळूनही फ्राइज बेचव होत. शोध घेतल्यावर कळलं, की कॅलिफोर्नियातल्या मूळ दुकानात बटाटे जाळीच्या खोक्यांत ठेवलेले असत आणि वाळवंटी वारा त्यांना आपोआप मुरवत असे. पाणी घटे, साखरेचा स्टार्च होई. क्रॉक यांनी तळघरात पंखा लावला आणि प्रश्न सुटला. आपल्याकडे वेफर्सला 'जुना' बटाटा मागतात, त्यामागे हेच आहे. याउलट शीतगृहात फार गार ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. असा गोडसर बटाटा तळला की आत कच्चा आणि बाहेर तपकिरी होतो, कारण साखर आणि अमिनो आम्लं यांची मेलार्ड अभिक्रिया भरधाव होते. त्याच अभिक्रियेत ॲक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेलं रसायन तयार होतं. तळलेल्या बटाट्यात ते सापडतं, हे २००२मध्ये स्वीडनमधून जाहीर झालं. तेव्हापासून गडद रंगाच्या फ्राइजकडे मी शंकेने बघतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 'कुफरी फ्रायसोना' हे वाण खास फ्राइजसाठी काढलं. त्यात घन भाग जास्त आणि साखर कमी असते. मेहसाण्याच्या गोठवलेल्या फ्राइजच्या कारखान्याभोवती गुजरातेत जी बटाटा-शेती वाढली, तीही प्रक्रियेच्या वाणांचीच.

थोडं व्हॉट्सॲपबद्दल बोलायलाच हवं. 'वर्षानुवर्षं न कुजलेले फ्राइज' असा फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं की यात प्लास्टिक आहे. बुरशीला पाणी लागतं. बारीक, खारट, तीन-चतुर्थांश पाणी आधीच गेलेला फ्राय उघड्यावर ठेवला तर कुजण्याआधी वाळतो. आपल्या कुरडया, सांडगे आणि बटाट्याचा वाळवलेला कीस वर्षभर टिकतो तेव्हा त्यात कोणी प्लास्टिक शोधत नाही. उलट टोकाची बातमी २०१८ची होती. योकोहामाच्या संशोधकांनी डायमिथाइलपॉलिसिलॉक्सेन वापरून केसांच्या मुळांच्या पेशी वाढवल्या आणि उंदरांवर त्यांचं रोपण केलं. हाच पदार्थ तळणाच्या तेलात फेस येऊ नये म्हणून वापरतात. तेवढ्यावरून जगभर मथळे झळकले, की फ्राइज खा आणि टक्कल घालवा. संशोधकांनी असं काहीही म्हटलं नव्हतं. त्यांनी ते भांड्याच्या तळाला वापरलं होतं, कारण त्यातून प्राणवायू सहज आरपार जातो.

एक गोष्ट मात्र अफवा नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्स १९९०पर्यंत गोमांसाच्या चरबीत तळत असे, आणि वनस्पती तेलावर आल्यानंतरही तिथल्या फ्राइजमध्ये गोमांसाधारित स्वाद राहिला. २००१मध्ये यावरून खटले झाले, २००२मध्ये १ कोटी डॉलरची तडजोड झाली. भारतातले फ्राइज वेगळे असतात. पण तिकडे जाणाऱ्या शाकाहारी मंडळींनी घटकांची यादी वाचावी.

तर क्रमवारी. मी एकच यादी लावणार नाही, कारण घड्याळाशिवाय ती खोटी ठरते. पहिल्या तीन मिनिटांत माझ्या मते मॅकडोनाल्ड्सला तोड नाही. निम्मी साल असल्यावर दुसरं काय होणार. दहाव्या मिनिटाला फाइव्ह गाइज पुढे जातं, कारण जाड फोड उष्णता धरून ठेवते आणि मऊ पडली तरी बटाटा म्हणून ती खाण्याजोगी असते. विसाव्या मिनिटाला, म्हणजे घरपोच मागवलेल्या पिशवीत, फक्त लेप दिलेले फ्राइज उभे राहू शकतात आणि तिथे बर्गर किंग जिंकतं. इन-एन-आउटचा नंबर या तिन्ही वेळांना खालीच लागतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "पण मला तेच आवडतात." मी म्हटलं, मग मागवताना 'वेल डन' सांग, म्हणजे ते जास्त वेळ तळतील आणि आणखी थोडं पाणी जाईल. गाडीत नेऊ नकोस. काउंटरपाशीच उभा राहून खा.